एकशे एकोणनव्वदावा फोटो

आमचं ऑफिस टायरच्या दुकानावर.
खाली चाकं निघतात, वर आम्ही
बटणाचा निळा थोडा कमी निळा करत बसतो.
खिडकीतून विगोचं बंदर दिसतं,
म्हणजे एका क्रेनची मान दिसते,
बाकी सगळं समोरच्या बँकेने गिळलंय.

या खेपेचा क्लायंट सार्डिनचे डबे भरणारा.
तिसरी पिढी, मालक बाल्बिनो.
मीटिंगला येताना प्रत्येकाला एक डबा आणतो,
बिलाच्या वेळी सहा.
शोएलने लोगोतल्या माशाला बारा खवले काढले.
बाल्बिनो म्हणाला, आजोबांच्या माशाला चौदा होते.
चौदा केले. मग गर्दी वाटली, पुन्हा बारा.
फाइलचं नाव सध्या : मासा_अंतिम_खरंच_अंतिम_७.

माझ्या वाट्याला आलं ते कुणालाच नको होतं :
दोनशे चौदा जुने फोटो, आणि प्रत्येकामागे
एक ओळ लिहायची, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी.
पानावर ती उमटत नाही,
मोबाइल ती मोठ्याने वाचतो, एवढंच.
सबेला म्हणाली, एकशे पंचवीस अक्षरांच्या आत,
आणि आजच्या आज उरक.

उरकत गेले.
होडी, किनाऱ्यावर.
होडी, किनाऱ्यावर, दुसरी.
टेबलाशी काम करणाऱ्या स्त्रिया.
एकशे एकोणनव्वद : कारखान्याच्या दारात स्त्रियांचा गट, हसताना.
पुढचा.

गुरुवारी चाचणी होती. संस्थेने पाठवलेल्या ओब्दुलियाबाई,
वय एक्क्याऐंशी, काठी, पर्समध्ये स्वतःचा मोबाइल.
त्याचा आवाज इतका भरधाव ठेवलेला
की आम्हाला नुसत्या लाह्या फुटताना ऐकू येत होत्या.
मेनू ओलांडला, दर ओलांडले,
कुकीजना नाही म्हणाल्या (ब्रेशोचा चेहरा पडला),
आणि थांबल्या.
एक पाऊल मागे. पुन्हा ऐकलं.

"हसताना?

दारात एकदाच काढला होता फोटो.
कोण हसत होतं?
वाफेतून उन्हात आणून उभं केलं आम्हाला,
आणि त्या दहा मिनिटांचे पैसे कापले.
डोळे बारीक केले की ओठ आपोआप ताणले जातात, पोरी.
बघ करून."

आम्ही चौघांनी करून बघितलं.
बंद स्क्रीनच्या काचेत चार हसरी माणसं.

"डावीकडून तिसरी मी. उजवा हात पाठीमागे असेल बघ.
बोटाला चिंधी होती, पत्र्याने कापलेलं.
फोरमन म्हणाला, फोटोत रक्त नको."

मी फोटो चारशे टक्के मोठा केला.
हात पाठीमागे होता.
"पाहिला नाही हं मी तो कधी," त्या म्हणाल्या.
"आम्हाला कुठे दाखवतात."

बाल्बिनोला फोन केला.
तो म्हणाला, मथळा ठरलाय, पोस्टरं छापून आलीत :
हसतमुख हातांची परंपरा.
हात हसतात कसे, असं शोएलने विचारलं नाही.
मथळा राहिला. बटणही, थोडं कमी निळं.

माझी ओळ मी बदलली. कुणाला विचारलं नाही,
कुणाला दिसणारही नव्हती.
"कारखान्याच्या दारात नऊ जणी, उन्हाने डोळे बारीक झालेले.
डावीकडून तिसरी ओब्दुलिया, कापलेलं बोट पाठीमागे."
बसलं. थोडी अक्षरं उरलीसुद्धा.
मग संध्याकाळी त्यांना फोन केला, आणि कळलं
बाकीच्या आठ जणींची नावं त्यांना पाठ आहेत.
आडनावांसकट. एकीचं टोपणनावही,
जे सांगताना त्या खरोखर हसल्या.
तेवढी अक्षरं नव्हती.
लिहिली.

बिलात एक ओळ आहे : फोटोंची वर्णनं, २१४, तीन तास.
एकशे एकोणनव्वदाव्याचा वेळ त्यात धरलेला नाही.

बाल्बिनोने अर्धे पैसे पाठवले, आणि सहा डबे,
जुन्याच झाकणाचे, आजोबांच्या माशाचे.
जेवणाच्या सुट्टीत मी खवले मोजले.
तेरा.